बालवाडी पाहावी बसून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. गेल्या फेब्रुवारीत चंडीमंदिर येथे काढलेल्या तीन आठवड्यांनंतर तिला माझी एक पुस्ती जोडावीशी वाटते. बालवाडी पाहावी बसून.

माझी मुलगी लष्कराच्या वैद्यकीय सेवेत आहे. तिची बदली चंडीमंदिरला झाली, त्याच सुमारास जावई सीमेवर गेले आणि तीन वर्षांच्या नातीसाठी शाळा शोधण्याचे काम निवृत्त आजीकडे आले. "आई, तू आयुष्यभर तपासण्याच केल्यास, आता ही एक शेवटची कर," असे मुलगी हसत म्हणाली. मीही हसत होकार दिला. हे काम माझ्या तीन दशकांच्या नोकरीचाच हिशेब मागेल, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

चंडीमंदिर हे शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, हरियाणाच्या पंचकुला जिल्ह्यात, कालका-सिमल्याच्या वाटेवर वसलेले आहे. ज्या चंडीदेवीवरून चंदीगडला नाव मिळाले तिचे देऊळ येथेच आहे. १९८५ पासून लष्कराच्या पश्चिम कमांडचे मुख्यालय येथे असल्यामुळे छावणीत देशाच्या सर्व भागांतली कुटुंबे राहतात. दोन-तीन वर्षांनी बदली ठरलेली, त्यामुळे प्रत्येक घरात शाळा शोधण्याचा अनुभव दांडगा असतो. मला शेजारणींनी पहिल्याच दिवशी सात-आठ नावे सांगितली. मी सवयीप्रमाणे वही आखली. रकाने होते : अंतर, शुल्क, इमारत, शिक्षिकांची संख्या, प्रसाधनगृह, मैदान. त्यांतल्या चार भेटींविषयी येथे लिहिते.

पहिली भेट पंचकुल्यातील एका प्ले-वेची. या भागात बालवाडीला 'प्ले-वे' असेच म्हणतात. भिंतींवर कार्टूनची चित्रे, वातानुकूलित खोल्या, पालकांना फोनवर मूल दिसावे म्हणून कॅमेरे. माझ्या वहीतले बहुतेक रकाने उत्तम भरले. संचालिका बाईंनी नातीला इंग्रजीत नाव विचारले. ती माझ्या पदराआड गेली. तिला घरात मराठीशिवाय दुसरी भाषा कोणी शिकवलेली नव्हती. "घरात इंग्रजी बोलायला सुरुवात करा, नाहीतर मुलगी मागे पडेल," असा सल्ला मला मिळाला. तीन वर्षांचे मूल नेमके कोणाच्या मागे पडते, हे विचारावेसे वाटले, पण विचारले नाही. प्रवेश घ्यावयास आलेल्या पालकाची जीभ किती जड होते, ते त्या दिवशी प्रथमच कळले. खुर्चीच्या त्या बाजूला मी पूर्वी कधी बसलेच नव्हते.

त्यानंतर आम्ही वर्ग पाहत असताना नात तेथल्या मदतनीस बाईंना हळूच "शू" म्हणाली. त्यांनी प्रेमाने खाली वाकून तिच्या बुटाचा पट्टा नीट केला. ती पुन्हा "शू" म्हणाली. त्यांनी दुसऱ्या बुटाचाही पट्टा घट्ट केला. परतताना टॅक्सीत काय झाले ते सांगावयास नको. नात रडली ती कपडे ओले झाल्याबद्दल नव्हे. "मी सांगितलं होतं त्यांना," एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

त्या रात्री मी वहीत एक नवा रकाना आखला आणि तो सर्वांच्या आधी घेतला. पुढच्या प्रत्येक ठिकाणी मी हाच प्रश्न प्रथम विचारला : मुलाने स्वतःच्या भाषेत 'शू लागली' असे सांगितले, तर तुमच्या बाईंना ते कसे समजेल?

दुसरी भेट चंदीगडमधील एका मोठ्या शाळेच्या शिशुवर्गाची. तेथे प्रवेश सोडतीने होतो, मुलांची चाचणी घेत नाहीत, ही गोष्ट मला आवडली. माझ्या प्रश्नावर उत्तर मिळाले, की पहिल्या आठवड्यातच आम्ही त्यासाठीचे इंग्रजी वाक्य पाठ करून घेतो. म्हणजे पहिला आठवडा मुलाने काय करावे, याचा विचार झालेला नव्हता. शिवाय छावणीतून तेथवर बसने पाऊण तास लागणार होता. येणे-जाणे मिळून दीड तास, आणि शिशुवर्ग तीन तासांचा.

ज्या शहरात ही शाळा आहे, ते शहर आखताना या अंतराचा विचार अगदी मुळापासून झाला होता, हे येथे सांगितले पाहिजे. ल कार्बुझिएने चंदीगडचा सेक्टर सुमारे ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब ठरवला. प्रत्येक सेक्टरच्या मधोमध शिवालिकच्या दिशेने जाणारा हिरवा पट्टा ठेवला आणि शाळा व खेळाची मैदाने त्या पट्ट्यात नेली. हेतू हा, की लहान मुलाने वेगवान वाहनांचा रस्ता न ओलांडता, झाडांखालून पायी शाळेत जावे. आराखड्याने चालत जाण्याचे अंतर दिले होते. पुढे 'चांगली शाळा' सेक्टरवर नव्हे तर नावावर ठरू लागली आणि मुले पिवळ्या बसमध्ये बसली. आखणीकाराने केलेले काम पालकांच्या स्पर्धेने पुसले, आणि प्रशासनाने ते पुसू दिले.

तिसरी भेट छावणीतल्याच बालवाडीची. जुन्या बैठ्या बराकीतील दोन खोल्या, पुढे तुतीचे झाड, त्याखाली वाळूचा हौद. रंग उडालेला, कॅमेरा नाही. शिकवणाऱ्या बहुतेक जवानांच्या व अधिकाऱ्यांच्या पत्नी. माझा प्रश्न ऐकून मुख्य बाईंनी कपाटातून एक साधी वही काढली. प्रवेशाच्या दिवशी प्रत्येक आईकडून त्या आठ-दहा शब्द लिहून घेतात : पाणी, शू, भूक, दुखते, आई, झोप, नको, भीती वाटते. मल्याळम, मिझो, डोगरी, तमिळ, गढवाली, सगळे शब्द देवनागरीत लिहिलेले. मराठीच्या पानावर आधीच्या कोणा आईने 'शू'पुढे 'बूट नव्हे' अशी टीप लिहून ठेवली होती. ती वाचताना मला हसूही आले आणि दाटूनही आले. त्या वहीला फार तर वीस रुपये पडले असतील.

उणिवाही सांगावयास हव्यात. येथे शिक्षिका पतीच्या बदलीबरोबर जातात, त्यामुळे वर्षाच्या मध्येच मुलांच्या बाई बदलतात. पूर्वप्राथमिकचे प्रशिक्षण सर्वांकडे नाही. बाईंनी हे दोन्ही स्वतःहून सांगितले.

चौथी भेट यादीत नव्हती. छावणीबाहेरच्या एका गावातून परतताना अंगणवाडीची पाटी दिसली आणि मी टॅक्सी थांबवली. मी निवृत्त अधिकारी आहे असे सांगण्याची चूक केली, तशी सेविका घाईने रजिस्टरे काढू लागली. "मैं जाँच के लिए नहीं आई," असे दोनदा सांगितल्यावरही तिचा हात थांबेना. मी जमिनीवर बसले तेव्हा कुठे तिला पटले.

खोलीत पंधरा-सोळा मुले होती, बरीचशी बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या मजुरांची. मध्ये एक परात आणि परातीत ओढ्यातले गोटे, चिंचोके, शेंगांची टरफले यांची सरमिसळ. मुले त्यांचे ढीग वेगळे करत होती. माझी नात कोणी न बोलावता परातीजवळ जाऊन बसली आणि शेजारच्या मुलाशी मराठीत बोलू लागली. तो भोजपुरीत उत्तर देत होता. दोघांचे छान जमले. शू कशी कळते, हे विचारल्यावर मदतनीस बाई म्हणाली, "शकल देखके पता लग जाता है जी." प्रशिक्षणाच्या कोणत्याही पुस्तिकेत इतके नेमके उत्तर मी वाचलेले नाही.

पण हा प्रसंग चाळीस मिनिटेच टिकला. नंतर सेविकेने फोन काढला. हजेरी, आहार, छायाचित्रे, गरोदर मातांच्या नोंदी. २०२१ पासून या नोंदी पोषण ट्रॅकर नावाच्या अ‍ॅपवर भरावयाच्या असतात. परात भिंतीशी सरकली, मुले इकडेतिकडे झाली. एकात्मिक बालविकास सेवा योजनेत सहा सेवा आहेत आणि पूर्वशालेय शिक्षण ही त्यांतली एक. उरलेल्या पाचांपैकी बहुतेकींची नोंद मागितली जाते. ज्या सेवेची नोंद जुजबी, तिचा वेळ प्रथम कापला जातो. यात त्या सेविकेचा दोष नाही. शासन जे मोजते, ते क्षेत्रीय कर्मचारी करतो.

त्या परातीकडे पाहताना मला कोसबाड आठवले, आणि पाठोपाठ माझी स्वतःची एक जुनी तपासणी.

कोसबाडचे आधी सांगते. परदेशी वाचकांना 'किंडरगार्टन' म्हटले की जर्मनीचा फ्रोबेल आठवतो. मुलांची बाग असा त्या शब्दाचा अर्थ, आणि आपल्या 'बालवाडी'तली वाडीही बागायतीचीच. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगरला बालशिक्षणाचे काम केले, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरीची साधने महाग, म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, गोटे यांतून त्यांनी साधने उभी केली. १९४५ साली ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ तेथे त्यांना मिळाल्या, आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत गेले. वंचित वस्त्यांतली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही, बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्या अंगणातून आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा हाच शब्द देशभर गेला. हरियाणातल्या त्या पाटीवरचा तो मराठी शब्द पाहून परमुलखात भेटलेल्या गाववाल्यासारखे वाटले. शब्द पोहोचला, परात मात्र काही ठिकाणीच पोहोचली.

आता माझी तपासणी. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी महाराष्ट्रात एका जिल्हा परिषदेची मुख्य कार्यकारी अधिकारी होते. दौऱ्यात अंगणवाड्यांना भेट देणे हा शिरस्ता. भेटीचा नमुना ठरलेला : हजेरी, धान्याचा साठा, वजनकाटा, श्रेणी एक ते चारमधली मुले. तेव्हा कुपोषणाची वर्गवारी अशी होती. मी शिस्तीने सगळे तपासत असे आणि श्रेणी चारमधल्या प्रत्येक मुलाचा पाठपुरावा करत असे, याचा मला अभिमान होता. एका गावात निघता निघता वयस्क सेविकेने विचारले, "मॅडम, तुमची लेक कुठल्या शाळेत जाते?" मी जिल्ह्याच्या ठिकाणच्या इंग्रजी शिशुशाळेचे नाव सांगितले. "बरं हाय," एवढेच ती म्हणाली. तिने टोमणा मारला नव्हता, तरी तो प्रश्न माझ्या मनात राहिला. माझ्या अखत्यारीत शेकडो अंगणवाड्या होत्या. त्यांतल्या एकीतही माझी मुलगी बसेल का, असा विचार मी केला नव्हता. मुले तेथे दिवसभर काय करतात, हे पाहण्यासाठी मी कोठेही पंधरा मिनिटे बसले नव्हते.

ही माझी एकटीची गोष्ट नाही. ज्यांच्या हाती व्यवस्था असते त्यांची मुले जेथे जात नाहीत, ती व्यवस्था नमुन्यांवर आणि रकान्यांवर चालते.

कायद्यानेही या वयाला असेच दूर ठेवले आहे. मूळ राज्यघटनेच्या अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांचा विचार होता. २००२ सालच्या ८६व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाचे शिक्षण मूलभूत हक्क झाला आणि सहा वर्षांखालील मुले निदेशक तत्त्वांतच राहिली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम ११ सांगते, की तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी शासन मोफत पूर्वशालेय शिक्षणाची व्यवस्था 'करू शकेल'. 'करील' आणि 'करू शकेल' यांतले अंतर प्रशासनात काम केलेल्यांना सांगावयास नको. त्याच कायद्याचे कलम १३ प्रवेशासाठी मुलाची चाचणी घेण्यास मनाई करते. पहिल्या उल्लंघनाला २५ हजार, पुढील प्रत्येकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पण त्या कायद्यातील 'शाळा' म्हणजे प्राथमिक शिक्षण देणारी शाळा. नुसता प्ले-वे त्या व्याख्येत बसत नाही. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची, पहिली इयत्ता शिक्षण खात्याची, आणि यांच्या मधली गल्ली बाजाराची.

मानके नाहीत असे मात्र नाही. २०१३ च्या राष्ट्रीय धोरणाबरोबर आलेल्या मानकांत ३० मुलांमागे ३५ चौरस मीटरची खोली, ३० चौरस मीटरची मोकळी जागा, आणि तीन ते सहा वयोगटात २० मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती असे सांगितले आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एक पायाभूत टप्पा मानला. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्याने या वयात खेळाला आणि घरच्या भाषेला प्रथम स्थान दिले. म्हणजे "घरात इंग्रजी बोला" हा सल्ला देशाच्या स्वतःच्या अभ्यासक्रमाविरुद्ध आहे. परप्रांतात आणि परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मी हे मुद्दाम सांगते. शाळेच्या अशा एका वाक्यावर कित्येक घरांतले मराठी बंद झाले आहे. मराठी बालवाडी मिळावी असा आग्रह चंडीमंदिरला किंवा शिकागोला धरता येणार नाही. पण माझ्या मुलाच्या आठ शब्दांसाठी तुमच्या वहीत एक पान आहे का, हे विचारता येते. त्या उत्तरावरून शाळेची पारख होते.

प्रशासनाने काय करावे, याविषयी माझ्या सूचना साध्या आहेत, आणि त्यांना मोठा खर्चही नाही.

एक, तीन ते सहा वयाच्या सर्व केंद्रांची, सरकारी असोत वा खाजगी, जबाबदारी जिल्ह्यात एकाच अधिकाऱ्यावर असावी.

दोन, परवान्याची किचकट पद्धत आणू नये. ती लाचेचे नवे दालन उघडेल. त्याऐवजी प्रत्येक केंद्राने दारावर फलक लावणे सक्तीचे करावे : मुले किती, मोठी माणसे किती, खोलीचे व मोकळ्या जागेचे क्षेत्रफळ, शिक्षिकांचे शिक्षण, शुल्क. फलक खोटा आढळल्यास दंड करावा.

तीन, अंगणवाडीत रोजचे दोन तास फोन आणि रजिस्टर बाजूला राहील असा लेखी आदेश असावा, आणि त्या वेळात वरिष्ठांनी माहिती मागू नये.

चार, तपासणीच्या नमुन्यात पहिली ओळ ही असावी : 'तपासणी अधिकारी मुलांमध्ये अर्धा तास जमिनीवर बसला काय? त्याने काय पाहिले?'

आमची निवड काय झाली, हे सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. आम्ही छावणीतली बालवाडी घेतली. अंगणवाडी घेतली नाही. मी मुलीपुढे ती गोष्ट काढली तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आई, त्या सेविकेवर किती कामं आहेत ते तूच सांगितलंस. आणि तुझ्या हातात जिल्हा होता तेव्हा तू मला तिथं घातलं नव्हतंस." तिचे म्हणणे खरे होते. परातीभोवतीचे ते चाळीस मिनिटांचे शिक्षण मी पाहिलेल्या चारही ठिकाणांत सर्वांत चांगले होते, आणि ते चाळीस मिनिटांवर संपते म्हणून आम्ही ते नाकारले. ज्यांना नाकारण्याची सोय नाही त्यांची मुले तेथेच राहिली. उरलेला वेळ त्या मुलांना मिळवून देणे हे माझ्यासारख्यांचे काम होते. ते मी केले नाही.

नात आता रोज पायी शाळेत जाते. पहिल्या पंधरवड्यात ती पाण्याला 'तण्णी' म्हणावयास शिकली. शेजारी बसणाऱ्या मुलाची ती भाषा. घरी ती मराठीच बोलते.

जे अधिकारी आज सेवेत आहेत आणि ज्यांच्या दौऱ्यात अंगणवाड्या येतात, त्यांना माझी एवढीच विनंती आहे. पुढच्या भेटीत रजिस्टर मागण्याआधी चप्पल बाहेर काढा आणि परात असेल तेथे बसा. परात नसेल, तर तीच तुमच्या अहवालाची पहिली नोंद होऊ द्या.